मोठा खटका पाडणारी बाई

"आधी मोठा खटका पाड!"

छपरावर चढलेला माणूस दिसला की ती भर रस्त्यात थांबायची. डोक्यावरचं टोपलं एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताने डोळ्यांवर सावली करायची आणि खालून ओरडायची. वर कोण आहे, साहेब आहे की सालगडी, याच्याशी तिला काही घेणंदेणं नसे. वरच्याने ऐकलं नाही तर ती पुन्हा ओरडायची. तरी नाही ऐकलं तर टोपलं खाली ठेवून सरळ त्या घरात शिरायची.

उमरखेडला वीज येऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते, आणि विजेमागून रेडिओ आले होते. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या छपरावर दोन बांबू आणि त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची एरियल. वारा सुटला की बांबू मोडायचे, तार तुटायची, आणि रेडिओ नुसता खरखरायचा. मग घरचा कर्ता पुरुष बनियनवर छपरावर. बस-स्टँडजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे हे सगळे कर्ते पुरुष आधी किंवा नंतर माझ्याकडे येत. बहुतेक नंतरच.

तहसील कचेरीतले एक कारकून असेच एका रविवारी चढले होते. तिने खालून हाक दिली. ते म्हणाले, "बाई, रेडिओ बंद आहे."

"रेडिओ नाई म्हनत मी. मोठा खटका!"

त्यांनी पाठ फिरवली. ही आत गेली, ओसरीतल्या भिंतीवरचा मेन स्विच शोधला आणि खाली ओढला. आत कारकुनांचे सासरे उशाशी टेबलफॅन लावून दुपारची झोप घेत होते. ते घामाघूम होऊन उठले आणि जावयाच्या नावाने जे सुरू झाले ते चहापर्यंत थांबले नाहीत. कारकून माझ्याकडे तक्रार घेऊन आले. मी म्हटलं, तिचं बरोबर आहे. रेडिओचं बटण बंद केल्याने घरातल्या तारांमधली वीज जात नाही. तुम्हाला राग आला असेल तर वर जाऊन या एकदा, मी खाली मेन चालू ठेवतो. त्यानंतर ते बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा एक शेतकरी बॅटरीवरचा रेडिओ घ्यायला आला, तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर बसलेली होती. बाजाराच्या दिवशी ती तिथे टेकायचीच. तिने त्याला विचारलं, "एरियल कुठं बांधशील?"

"झोपडीवर. पण याडी, माझ्याकडं लाइट नाय. खटका कुठून पाडू?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"मंग वीज कडाडली का रेडिओची तार काढाची अन् जमिनीत खुपसाची."

"रेडिओ तं बॅटरीचा हाय."

"आभायातली वीज का बॅटरी पाहून येते काय?"

तो हसत हसत गेला. पुढच्या बाजारी तिच्यासाठी चवळीच्या शेंगा घेऊन आला आणि म्हणाला, याडीला सांगा, तार खुपसतो.

तुम्ही तिला नुसती पाहिली असती तर म्हणाला असता, बाई तिरसट आहे. गाव तसंच म्हणायचं. काही जण वेडी म्हणायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काय लागतं? पण तिची सगळी हकीकत मला ठाऊक होती, आणि ती ठाऊक असलेल्या माणसाला तिचं ओरडणं ऐकून हसू येत नसे.

तिचा नवरा कवेलू, म्हणजे कौलं, फेरणारा. उन्हाळ्याच्या शेवटी घरोघरच्या छपरांवरची कवेलू उचलून, फुटकी काढून, पुन्हा नीट रचून द्यायचं काम. हलका माणूस, मांजरासारखा पाय टाकायचा. त्याच्या पायाखाली कवेलू फुटलेलं कोणी पाहिलं नाही. छपरावर चालता येतं म्हणून एरियल बांधायची कामंही त्याच्याकडेच यायला लागली. बांबू कसा बांधायचा, तारेच्या टोकाला चिनी मातीचे मणी कसे ओवायचे, हे त्याला मीच दाखवलं. नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली तेव्हापासून दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता. त्याआधी घ्यायचा, आणि भरपूर घ्यायचा. हेही सगळ्यांना माहीत होतं.

एका नवरात्रात गावातल्या एका बड्या अडत्याची एरियल तुटली. त्याला सगळे मालक म्हणत, मीही इथे तेवढंच म्हणतो. मालकाने याला चढवलं. थोड्या वेळाने हा छपरावरून अंगणात येऊन पडला आणि तिथेच गेला. मालकाने सांगितलं, पिऊन चढला होता, तोल गेला. पंचांनी माना डोलावल्या. कागद झाला, सही झाली, माणूस संपला.

ती माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती त्यानंतर. उभ्या उभ्या विचारलं, "भाऊ, पडल्यानं हात जळते काय?"

"म्हणजे?"

"माह्या घरच्याच्या पंजावर काळा चट्टा होता. आरपार. पडल्यानं होते काय?"

मी म्हटलं, नाही. तो विजेचा. त्या घराची रचना मी पाहिलेली होती. एरियलची तार आणि माळ्यावरच्या दिव्याची तार एकाच भोकातून भिंतीत घातलेली. कोण्या बाहेरच्या वायरमनचा शहाणपणा. दिव्याच्या तारेवरचं कापड उंदरांनी कुरतडलं असणार आणि तुटलेली एरियल सैल होऊन तिला चिकटली असणार. याने ती हातात धरली, आणि खाली मेन चालू होता.

"मालक म्हन्ते मोठा खटका पाडला होता."

"मग असं झालं नसतं."

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "यायले उचलून नेलं तवा मी खिडकीतून पाह्यलं. घटापुढचा लाल दिवा जयून राह्यला होता. खटका पाडला असता तं तो जयला असता काय?"

मालकाच्या घरी नवरात्रात घट बसायचे आणि नऊ दिवस अखंड दिवा असायचा. घरात वीज आल्यावर मालकाला हौस आली. समईला तेल घालत रात्र जागवायची कशाला, म्हणून त्याने घटापुढे लाल बल्ब लावला आणि अखंड दिवा म्हणून तोच ठेवला. त्याची म्हातारी आई कुरकुरली, पण ऐकतो कोण! मेन पाडला तर बल्ब विझणार, अखंड दिवा विझणार, म्हणून मेन पाडला नाही. एवढी साधी गोष्ट होती. मी ती गावभर सांगितली, चांगल्या खणखणीत आवाजात सांगितली. लोक म्हणाले, तुमचं बरोबर असेल, पण तो प्यायचाच ना?

मालकाने तिच्याकडे एक लुगडं आणि धान्य पाठवलं. धान्य तिने आणणाऱ्याच्याच डोक्यावर परत दिलं. लुगडं ठेवून घेतलं आणि मालकाच्या फाटकासमोरच्या बाभळीच्या कुपाटीवर पसरून टाकलं. उन्हात त्याचा रंग गेला, वाऱ्याने चिंध्या झाल्या, तरी काढायची कोणाची छाती झाली नाही. मालकाला रोज बाहेर पडताना ते पाहावं लागायचं. मला मनापासून बरं वाटायचं. क्षमा करा, विसरून जा, असं सांगणारे लोक मला कधीच आवडले नाहीत. ते नेहमी दुसऱ्याच्या वाटची क्षमा वाटत फिरतात.

ती मात्र विसरण्यातली नव्हती. माझ्या पायरीवर बसून तिने एक एक गोष्ट विचारून घेतली. वीज कुठून येते, कुठे थांबते, ओल्या कवेलूवर काय होतं, फ्यूज म्हणजे काय. एकच प्रश्न चारदा विचारायची. मी चिडायचो, "किती वेळा सांगू?"

"समजत नाई तोवर."

आणि शिकलेलं सगळं ती रस्त्यातून ओरडत गेली. तिच्या ओरडण्याने किती जण वाचले ते मला माहीत नाही. कोणी मेलं नाही एवढं खरं.

अशी काही वर्षं गेली. मालकाची मुलगी नागपूरला शिकायला होती. गोड गळ्याची पोरगी. तिला रेडिओवर गायला बोलावलं, आणि कार्यक्रम आला तो नेमका नवरात्रात. मालकाला आकाश ठेंगणं झालं. डॉक्टर, वकील, तहसीलदार, सगळ्यांना संध्याकाळी घरी ऐकायला या म्हणून निमंत्रणं गेली. अंगणात सतरंज्या पडल्या. आणि त्याच सकाळी वाऱ्याने बांबू मोडला, एरियल खाली आली.

गावातला एकही कवेलूवाला त्या छपरावर चढायला तयार होईना. "त्या घरावर? नाई जी." त्याचं छप्पर फेरायलाही दरसाल बाहेरून माणसं यायची, ती आता एका दिवसात कुठून येणार? दुपारी मालक स्वतः माझ्या दुकानात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, "माझं काम दुकानात बसून करायचं. तुम्हीच चढा. मी खालून सांगतो."

तो पायरी उतरायला लागला.

"आणि एक. ती बाई येऊन उभी राहील. ती हो म्हणेल तेव्हाच मी हात लावीन."

"तिचा काय संबंध?"

"या गावात छपरावर कोणी मरू नये म्हणून ओरडणारी ती एकटीच आहे," मी म्हटलं आणि हातातला रेडिओ उघडून बसलो. तो गेला. ऊन उतरायला लागलं तेव्हा परत आला आणि नुसती मान हलवली.

ती शेतातून आली तशीच आली, पदर खोचलेला, पायांना माती. फाटकाशी ही गर्दी जमली. मालकाने धोतर वर खोचलं, रबरी तळाच्या चपला घातल्या, शिडीला हात लावला.

"आधी मोठा खटका पाड," ती म्हणाली.

आजवर ती त्याला तुम्ही म्हणत आली होती. मालकाने ते ऐकलं आणि गिळलं. "आत घट बसले आहेत. अखंड दिवा आहे. रेडिओचं बटण बंद केलंय मी."

ती ओसरीच्या पायरीवर बसली. "मंग बस."

सूर्य खाली चालला होता. मालकाने एकदा शिडीकडे पाहिलं, एकदा अंगणातल्या सतरंज्यांकडे. मग ओसरीत गेला आणि मेन खाली ओढला. आतल्या खोलीत घटापुढचा लाल बल्ब विझला.

"पडते तं!" ती म्हणाली. "लय जड हाय म्हनून नव्हता पाडला काय तवा?"

मग दारात जाऊन तिने आत बसलेल्या म्हातारीला विचारलं, "आजी, त्या दिवशी घरात तेल नव्हतं काय वो?"

म्हातारी समई पुढे ओढत होती. तिने वर पाहिलं नाही. "होतं माय," ती म्हणाली. "तेल होतं." आणि वात लावली.

फाटकाशी उभ्या असलेल्या बायांपैकी एकीने डोळ्यांना पदर लावला. ही परत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "भाऊ, फ्यूज काढून खिशात ठेवा." मी दोन्ही फ्यूज काढले आणि कोटाच्या खिशात टाकले. आता तो खटका वर केला काय, खाली केला काय, घरात वीज येणार नव्हती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मालक तोवर अर्धी शिडी चढला होता.

मी सांगत गेलो, तो करत गेला. नवा बांबू दोरीने करकचून बांधला. जुनी तार त्या दळभद्री भोकातून ओढून काढली. आतून मी पहार मारून वेगळं भोक पाडलं होतं, त्यातून नवी तार घातली. टोकं पॉलिश कागदाने घासून चकचकीत केली. जोड पिळायची वेळ आली, दोन्ही टोकं त्याच्या दोन हातांत होती, आणि त्याची नजर खाली गेली.

ती ओसरीत मेनजवळ उभी होती. तिचा हात खटक्याच्या दांडीवर होता.

"बाई! ए बाई! हात काढ!"

"काहून? रेडिओचं बटन बंद हाय ना?"

त्याच्या पायाखालचं एक कवेलू सुटलं आणि अंगणात येऊन फुटलं. तार सोडावी हे त्याला सुचलं नाही. भीतीने मूठ आवळली जाते, उघडत नाही. फाटकाशी कोणी हललं नाही. डॉक्टर आणि वकील सतरंजीवरून उठून उभे राहिले होते. मी खिशात हात घालून फ्यूज चाचपत होतो आणि खरं सांगतो, मला घाई नव्हती.

"माह्या घरचे पिऊन होते काय?" तिने विचारलं.

"नव्हता."

"मोठ्यानं. फाटकापावतर गेलं पाह्यजे."

"नव्हता पिऊन!"

"मंग काय म्हनत होते चढताना?"

तो रडायला लागला होता. "खटका पाडा म्हणाला. दोनदा म्हणाला. मीच म्हटलं, दिवा विझतो, चढ तसाच..."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, पण इतक्या वर्षांचं तोंड असं उघडलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. तिने दांडीवरचा हात काढला. पदराने पुसला. मग शांतपणे म्हणाली, "जोड ढिला हाय. अजून एक पीळ दे." त्याने दिला.

मी अंगणात आलो, खिशातून दोन्ही फ्यूज काढून त्याला दिसतील असे हातावर धरले. त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो जो मटकन बसला तो बांबूला मिठी मारूनच. शिडीचा दांडा पायाला सापडत नव्हता. कार्यक्रमाची वेळ झाली. मी फ्यूज बसवले, पण ती मेनला पाठ लावून उभी राहिली.

"माणूस छपरावर हाय. उतरल्याबिगर खटका वर नाई होनार."

"करा वर!" तो वरून ओरडला. "आता काही होत नाही, जोड नीट आहे! पोरीचं गाणं आहे माझ्या!"

"नाई. माणूस छपरावर हाय."

कवेलूवाले गर्दीत हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्यातला एकही पुढे झाला नाही. डॉक्टर घड्याळ पाहत निघून गेले, त्यांच्या मागून वकील गेले, आणि थोड्याच वेळात गल्लीपलीकडच्या डॉक्टरांच्या रेडिओवरून त्या पोरीचा आवाज येऊ लागला, बारीक, वाऱ्याबरोबर कमीजास्त होणारा. मालकाने तो छपरावर बसून ऐकला. त्याचा रेडिओ खाली मुका होता. ती मेनला टेकून ऐकत होती, मान थोडी कलती करून.

गाणं संपलं तेव्हा ती कवेलूवाल्यांना म्हणाली, "उतरवा आता त्याले." आणि मला म्हणाली, "पोरगी बरी गाते. तिचा काय गुन्हा?"

पुढे कापूस वेचायला ती मारेगावकडे भावाच्या गावी गेली आणि तिकडचीच झाली. माझ्या पायरीवर बाजाराच्या दिवशी दुसरंच कोणी टेकायला लागलं. मालकाने घटापुढे पुन्हा बल्ब लावला नाही असं ऐकलं. तेवढ्याने माझा त्याच्यावरचा राग कमी झाला नाही, आजही नाही.

त्या संध्याकाळी, गाणं संपल्यावर, मी तिला तिच्या वस्तीपर्यंत पोहोचवायला गेलो होतो. ती भरभर चालत होती. मला फार आनंद झाला होता, मी बडबडत होतो. म्हटलं, आता अख्ख्या गावाला कळलं, तो पिऊन नव्हता.

ती थांबली.

"गावाचं नाई म्हनत, भाऊ," ती म्हणाली. "इतके दिवस लोकायचं ऐकून ऐकून... मधी मधी मलेच वाटे. पेले असतील तं?"

आणि ती रस्त्यातच खाली बसून रडली. त्याच्या मरणानंतर तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं.